बाईचं बायबल शिवून आणलं : अप्पा बळवंत चौकातल्या बाइंडिंगवाल्या काकांचा अनुभव

पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

पुण्यात जुनं पुस्तक हाताने नीट शिवून देणारं कोणी शोधत असाल तर आधी एक सांगते, झेरॉक्सच्या दुकानात जाऊ नका. मी दोन ठिकाणी जाऊन आले. एकाने बघितल्या बघितल्या स्पायरल करून देतो म्हणाला, दुसरा म्हणाला मागून मशीनवर कापून गम लावून देतो, दीडशे रुपये, संध्याकाळी घेऊन जा. दोघांचा काही दोष नाही, त्यांचं काम प्रोजेक्ट रिपोर्टचं, पण माझ्या हातात होतं ते माझ्या आजीचं पवित्र शास्त्र, १९५६ सालचं, तिच्या लग्नात तिच्या वडिलांनी दिलेलं, आणि ते गमने चिकटवायच्या विचारानेच मला कसंतरी झालं.

मग एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने या काकांकडे पाठवलं. अप्पा बळवंत चौकातून आतल्या गल्लीत वळलं की एका जिन्याखाली एवढीशी जागा आहे, नावाची पाटीच नाही, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर मार्करने बाइंडिंग करून मिळेल एवढंच लिहिलंय. आत लोखंडी शिकंजा, खळीचं पातेलं, दोऱ्याची रिळं, वकिलांची जाडजूड लाल पुस्तकं छतापर्यंत. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला जागा नाही. वर शेल्फवर एक ज्ञानेश्वरी शिवायला आलेली होती, काकांनी माझ्या हातातलं घेतलं, पिशवी सोडली आणि आधी तिच्या शेजारी ठेवलं, मग हात पुसले आणि मगच उघडलं. तिथेच मी ठरवलं की इथेच द्यायचं.

आजीला आम्ही सगळे बाई म्हणायचो. नातवंडं, सुना, गावातले लोक, सगळेच, कारण ती शाळेत बाई होती. जन्म १९३६ चा, नेवाशाकडचं खेडं, नगरला मिशनच्या बोर्डिंगात राहून व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे तेव्हाची सातवी, केली आणि मग शिक्षिकेचं ट्रेनिंग. तिच्या आजीने राहुरीत रेव्हरंड टिळकांना, म्हणजे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांना, कीर्तन करताना बघितलं होतं असं बाई सांगायची, आणि ते सांगताना आवाज असा व्हायचा की जणू हीच पुढच्या रांगेत बसली होती. टिळक १९१९ ला वारले, म्हणजे बाईच्या जन्माच्या सतरा वर्षं आधी, पण त्यांची भजनं तिला पुस्तक न बघता यायची, जात्यावर बसल्यासारखी एका लयीत, आणि तिचं म्हणणं असं की देवाशी बोलायचं तर ओवी-अभंगातच बोलावं, आपली भाषा त्याला तशीच चांगली कळते. वस्ती गावाबाहेरची. ख्रिस्ती झालो म्हणून गावाने काही वस्ती आत घेतली नव्हती, पाणवठ्यावरचे नियमही तेच राहिले, हे ती आम्हाला लपवून न ठेवता सांगायची. पण त्यावर रडायची नाही, एवढंच म्हणायची की शाळेच्या पाटीवर मात्र सगळ्यांना एकच खडू.

तर पुस्तकाची अवस्था सांगते म्हणजे काकांनी काय काम केलं ते कळेल. मूळ काळं कव्हर अर्धं उडालेलं, पाठ पूर्ण सुटलेली, फर्मे, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचे गठ्ठे, लोंबत होते. बायबलचा कागद कसा असतो माहितीये ना, कांद्याच्या पापुद्र्यासारखा, त्यात तेलाच्या हाताचे डाग, कोपरे तपकिरी, काही पानं मधोमध फाटलेली. त्यावर मी कॉलेजात असताना प्रेमाने सेलोटेप लावली होती, ती आता पिवळी पडून कडक झालेली. काकांनी ती बघितली आणि पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणाले, ताई, घरी जाऊन सगळ्यांना सांगा, पुस्तकाला टेप कधी लावायची नाही, टेप कागद खाते. जिथे काढता आली तिथे त्यांनी काढली, दोन ठिकाणी अक्षरं सोबत निघाली असती म्हणून तशीच ठेवली आणि ते मला आधी फोन करून विचारलं. हा फोन मला फार आवडला.

आता मुख्य गोष्ट. काकांनी पुस्तक टेबलावर उभं धरलं, कण्याकडून बघितलं, मग आडवं केलं आणि बोट ठेवून म्हणाले, हे तीन जागी तुटलंय. बाकी शिलाई सैल आहे पण दोरा शाबूत आहे, या तीन जागी दोराच गेलाय. जिथे माणूस रोज उघडतो तिथला दोरा आधी जातो, आम्हाला वाचणाऱ्याचं नाव माहीत नसतं पण वाचलेलं पान कळतं.

मी बघितलं ती तीन पानं कुठली.

पहिली जागा स्तोत्रसंहिता, एकशे एकविसावं स्तोत्र. हे मी डोळे मिटून सांगितलं असतं. कोणीही घरातून निघालं, पप्पा ड्युटीला, आत्या सासरी, आम्ही सुट्टी संपवून पुण्याला, बाई दारात थांबवायची. चप्पल घातलेली असली तर काढायला लावायची, उंबऱ्याच्या आत उभं करायची आणि वाचायची. आठच वचनं आहेत, डोंगरांकडे डोळे लावणाऱ्याचं स्तोत्र, शेवट जाण्यायेण्याच्या राखणीवर होतो. एसटी सुटायला पाच मिनिटं राहिलेली असली तरी आठही वचनं, घाई नाही, आणि मग कपाळावर हात ठेवून जा म्हणायची. तिला पाठ होतं म्हणून मी एकदा म्हटलं की बाई तुला येतंय ना सगळं, मग पुस्तक कशाला काढतेस, तर म्हणाली पुस्तकाला पण कळू दे तू चाललीयेस ते. तेव्हा मला ते नुसतं गोड वाटलं होतं. काकांच्या दुकानात तो तुटलेला दोरा बघितल्यावर कळलं की खरंच कळलं होतं पुस्तकाला.

दुसरी जागा योहानाचं शुभवर्तमान, चौदावा अध्याय. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, हा आपल्याकडे मयतीला वाचतात. पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे, सात-आठ गावं, ते सायकलवर यायचे, मयत काही त्यांच्यासाठी थांबत नाही, मग वस्तीवरची माणसं बाईला बोलवायची. सुरुवातीला बाईमाणसाने कबरीवर वाचावं का यावर थोडी कुरकुर झाली होती असं आत्या सांगते, पण वाचता येणारी तीच, आणि दुसऱ्या कोणाचा आवाज त्या वेळी स्थिर राहायचा नाही, म्हणून मग ते तिचंच काम झालं. शाळा सुटली की पदर खोचून निघायची, कधी दोन मैल, कधी चार. त्या अध्यायाच्या कडेला पेन्सिलीने बारीक तारखा आहेत. प्रत्येक मयतीची एक. मी मोजल्या, एकेचाळीस. नावं नाहीत, फक्त तारीख आणि पहिलं अक्षर.

आणि या तारखांमुळेच काकांना मी मनापासून मानलं. बाइंडिंग करताना शेवटी पुस्तकाच्या तिन्ही कडा मशीनवर कापतात, कटिंग म्हणतात, त्यामुळे पुस्तक एकसारखं, नवंकोरं दिसतं. दोन-तीन मिलिमीटर जातात. बाईच्या तारखा अगदी कडेपर्यंत गेल्यात, कारण तिला जागा पुरेनाशी झाली होती. मला या कटिंगबद्दल काहीच माहीत नव्हतं, मी सांगितलंही नसतं. काकांनीच पानं चाळता चाळता थांबून म्हटलं की याला मशीन लावायची नाही, कडा खालीवर दिसतील, तुम्हाला चालेल का. चालेल का म्हणजे! दुसरीकडे कुठेही दिलं असतं तर एकेचाळीस माणसांच्या तारखा कचऱ्याच्या पोत्यात गेल्या असत्या आणि आम्हाला कधी कळलंही नसतं.

तिसरी जागा मला ओळखता आली नाही. स्तोत्रांच्या थोडं अलीकडे, ईयोब. बाईने आम्हाला ईयोब कधी वाचून दाखवला नाही. नाताळला लूक, नवीन सून आली की रूथ, परीक्षेच्या आधी नीतिसूत्रे, पण ईयोब नाही. मी घरी आत्याला फोन लावला, ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली तारीख बघ काय आहे.

तिसऱ्या अध्यायाच्या कडेला १६ फेब्रुवारी १९७३ आणि पुढे दोन शब्द, धाकटा गेला.

आम्हाला माहीत होतं की पप्पांना एक लहान भाऊ होता. चार वर्षांचा होऊन गेला, दुष्काळात. त्यापुढे घरात कोणी बोलायचं नाही. बहात्तरचा दुष्काळ ज्यांच्या घरात कोणी बघितलाय त्यांना नगर जिल्ह्यातलं सांगायला नको, विहिरी तळाला गेलेल्या, आजोबा खडी फोडायला, घरात मिलो ज्वारीची लाल भाकरी, शाळेत पोरांना सुकडी वाटायची ती बाईच वाटायची, दुसऱ्यांच्या पोरांना ओंजळीने. आणि घरी याला हगवण लागली, पाणी जे मिळत होतं ते तसंच, तीन दिवसांत गेला. कबरीवर त्या दिवशी कोणी वाचलं मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, बाईनेच. दुसरं कोण होतं.

योहान चौदाच्या कडेला मग मी ती तारीख शोधली. आहे. एकेचाळिसातली ती पण एक आहे, बाकीच्यांसारखीच, बारीक, पहिलं अक्षर आणि तारीख. म्हणजे कबरीवर तिने सगळ्यांना वाचलं तेच आपल्या पोराला वाचलं आणि घरी येऊन ईयोब उघडला, तोही तिसरा अध्याय, ज्यात ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. आणि मग पुढे महिनोन्‌महिने तो उघडत राहिली असणार, कारण दोरा एका दिवसात तुटत नाही. पुढच्या अध्यायांवर कुठे तारीख आहे, कुठे नुसती रेघ आहे. जिथे ईयोबाचे मित्र त्याला उपदेश करतात तिथे कडेला काही नाही, पानं स्वच्छ आहेत. अडतिसाव्यात देव वावटळीतून बोलतो, पावसाला वाट कोणी काढून दिली असं विचारतो, तिथे ऑगस्ट १९७३ लिहिलंय आणि त्यापुढे एकच शब्द, पाऊस.

मी आयुष्यभर समजत होते की बाईचा विश्वास म्हणजे पहाटेची प्रार्थना, रांजणाशेजारच्या डब्यात रोज टाकलेलं मूठभर धान्य जे ती हंगामाच्या उपासनेला अर्पण म्हणून न्यायची, आणि कोणी काही बोललं तरी शांत राहणं. ते होतंच. पण ती सहा महिने देवाशी भांडत होती हे मला एका बाइंडरने बोट ठेवल्यावर कळलं, आणि मला ती आधीपेक्षा जास्त आवडली, खूप जास्त.

असो, कामाकडे येते.

काकांनी सगळे फर्मे सुटे केले, जुना सरस ओल्या फडक्याने मऊ करून काढला, फाटलेल्या पानांना पातळ टिश्यू कागदाच्या पट्ट्या लावल्या, त्यातून अक्षर स्पष्ट वाचता येतं. मग जुजबंदी, म्हणजे एकेक फर्मा मधून दोऱ्याने शिवायचा, मशीनचं काम नाही. खळ घरी मैद्याची शिजवतात आणि त्यात मोरचूद घालतात, म्हणजे किडा लागत नाही. पाठीला जाळीचं कापड, मग पुठ्ठा, वर काळं कापड. लाल रेक्झिन पण होतं त्यांच्याकडे, जास्त टिकतं म्हणाले, पण मला काळंच हवं होतं. जुन्या कव्हरचा जो तुकडा शाबूत होता तो त्यांनी न विचारता शेवटच्या अस्तराच्या आत चिकटवून दिला. आतमध्ये सापडलेल्या वस्तू वेगळ्या पाकिटात घालून, कुठल्या दोन पानांमध्ये होत्या ते पाकिटावर लिहून दिलं: झावळ्यांच्या रविवारचा (पाम संडेचा) वाळलेला क्रॉस, पप्पांच्या पहिल्या पगाराची मनीऑर्डरची पावती, माझा शाळेतला पासपोर्ट फोटो. माझा फोटो कुठे होता, तर एकशे एकविसाव्या स्तोत्रात.

पैसे १,६५० घेतले, ५०० आधी. दोन महिन्यांच्या हाताच्या कामाला मला हे कमीच वाटले.

आता अर्धा स्टार. सप्टेंबरच्या शेवटी दिलं तेव्हा तीन आठवडे सांगितले होते. बाई १२ नोव्हेंबर २०२३ ला गेली, पहिल्या वर्षाची स्मरणार्थ उपकारस्तुतीची भक्ती आम्ही नगरला ठेवली होती, पाळकसाहेब, मंडळी, तिचे जुने विद्यार्थी जे आता स्वतः आजोबा झालेत, आणि माझी इच्छा एवढीच होती की त्या दिवशी आत्याने या पुस्तकातून वाचावं. मी तारीख पहिल्या दिवशीच सांगितली होती. मिळालं नाही. कोर्टाचं काम मध्ये आलं, मग सोनेरी अक्षरं बाहेरून मारून आणतात त्यात शास्त्र हा शब्दच चुकीचा लिहून आला, ते परत करायला गेलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तीनदा चकरा मारल्या. शेवटी भक्तीला आम्ही मोठ्या अक्षरांचं बायबल वापरलं, जे मीच २०११ मध्ये तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घेऊन दिलं होतं आणि जे तिने प्रेमाने घेतलं, पलंगाशेजारी ठेवलं आणि कधी वाचलं नाही, कारण त्यात नाहीं वर अनुस्वार नाही म्हणाली, नजर अडखळते. भिंग घेऊन जुनंच वाचायची. त्या दिवशी ते नवं कोरं पुस्तक हातात बघून मला खूप वाईट वाटलं आणि काकांचा रागही आला. ते नंतर मनापासून सॉरी म्हणाले, अक्षरांचे पैसे घेतले नाहीत, पण तो दिवस काही परत येत नाही. तुमचं काम तारखेला बांधलेलं असेल तर सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट धरा आणि मधे फोन करत राहा.

३० नोव्हेंबरला, शनिवारी, हातात मिळालं. दुसऱ्या दिवशी नाताळच्या आधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार, मी सकाळीच वाकडेवाडीहून नगरची एसटी पकडली आणि पुस्तक मांडीवर घेऊन बसले, बॅगेत घातलं नाही.

आत्याने पिशवी सोडली, काळ्या कापडावर हात फिरवला, वास घेतला, आणि मग नेहमीसारखं पुस्तक तळहातावर आडवं धरून सोडलं. आधी ते असं सोडलं की आपोआप एकशे एकवीसवर उघडायचं. आता उघडलं नाही. नवी शिलाई घट्ट आहे, कुठेही उघडेल तिथे उघडतं. काकांनी मला हे सांगितलं होतं, दुरुस्त झालं की जुनी सवय जाते, वापराल तशी नवी लागेल. आत्याला सांगायचं राहून गेलं होतं. ती रडली. मला पण त्या क्षणी वाटलं की नसतं शिवलं तर बरं झालं असतं का, पण फर्मे गळत होते, अजून एक पावसाळा निघाला नसता, आणि पप्पा म्हणाले ते मला पटलं की बाईला पण नवं मिळालं तेव्हा असंच घट्ट असणार ना.

संध्याकाळी मी परत निघाले तेव्हा चप्पल घातली होती. आत्याने थांब जरा म्हटलं. मी चप्पल काढून आत आले. तिला पान सापडायला वेळ लागला, पुढेमागे करत राहिली, शेवटी माझा फोटो तिथे परत ठेवलेला होता त्यावरून सापडलं, आणि तिने आठही वचनं वाचली, बाईइतकी हळू नाही, पण आठही.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: रविवारी बंद, दुपारी दीड ते साडेतीन काका जेवायला जातात, पैसे रोख घेतात. पोथ्या, वंशावळीच्या वह्या, जुन्या डायऱ्या सगळं करतात. कडेला कोणी काही लिहिलं असेल तर आधी दाखवा. पाच-पाच मिनिटांची घाई करणाऱ्याशी ते फार बोलत नाहीत, वेळ काढून जा. मी जानेवारीत बाईचं उपासना संगीत, म्हणजे भजनांचं पुस्तक, घेऊन जाणार आहे, त्याची पाठ अजून धरून आहे पण भजनांच्या पानांत ओव्या लिहिलेले कागद भरलेत, ते कुठले ते आत्याला विचारून मगच देईन.